बर्णबा भिंगारदिव्याची माती

“गेला हे कळलं, बाई. वाईट झालं. पण मंडळीचा सभासद होता का, ते आधी सांग,” चर्चचे सेक्रेटरी गोर्डे म्हणाले आणि चहाची बशी तोंडाला लावली.

मी त्यांच्या ओट्यासमोर उन्हात उभी. बस म्हणायचं त्यांना सुचलं नव्हतं. बाबा पहाटे गेले होते, मे महिना होता, गावातली वीज आदल्या दिवसापासून गेलेली आणि बर्फाचा कारखाना बंद. बाबांना संध्याकाळच्या आत मातीत ठेवायलाच हवं होतं आणि हा माणूस चहा फुंकत मला सभासदत्व विचारत होता.

“गोर्डेकाका, त्यांचा बाप्तिस्मा याच चर्चमधला. लग्न इथंच लागलं. माझं नाव लिदिया तुमच्याच वडिलांनी सुचवलंय म्हणतात.”

“असेल. पण नाव कापलं होतं ना मंडळीतून? मग? कबरस्तानात आता जागा उरली नाही, तुला ठाऊक आहे. कमिटीनं नियम केलाय, नवी कबर फक्त चालू सभासदाला. तिथं मी माझ्या मेव्हण्यालासुद्धा नाही म्हणालो.”

“मग आम्ही न्यायचं कुठं?”

“ओढ्यापलीकडं नगरपालिकेची जागा आहे की.”

ओढ्यापलीकडच्या त्या जागेत बेवारस प्रेतं पुरत. कुत्री उकरत. बायको जिवंत, पोटची पोर दारात उभी, आणि माझ्या बापानं बेवारस म्हणून मातीत जायचं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गोर्ड्यांना त्याचं काही नव्हतं. “मी एकटा काय करणार?” ते म्हणाले, “ठराव ओहोळ मास्तरांनी मांडला होता. आम्ही नुसते हात वर केले.”

आता बाबांचं नाव का कापलं, ते सांगायला हवं. बाबा ढोलकी फार सुंदर वाजवत. नाताळात त्यांच्याशिवाय भजनाला रंग चढत नसे. तेवढंच सुंदर ते पीतही असत. यिर्मया ओहोळ मास्तर म्हणजे मिशनच्या शाळेतले जुने शिक्षक, मंडळीतले वडीलधारे, साऱ्या गावाचे कान उपटलेला माणूस. त्यांची बायको राहेलबाई वारली, तेव्हा शवपेटी कबरीत सोडायच्या ऐन वेळी बाबा झोकांड्या खात आले. गळ्यात ढोलकी. लोकांना बाजूला सारत कबरीच्या काठावर आले आणि त्यांनी चक्क हळदीचं गाणं सुरू केलं. कुणीतरी ओढायला गेलं, बाबांचा पाय घसरला, ढोलकी खड्ड्यात पडली, दोर धरणाऱ्याचा हात सुटला आणि राहेलबाईंची पेटी एका अंगाला कलली. पेटीच्या आधी ढोलकी कबरीत गेलेली बघून मागं उभ्या असलेल्या पोरीबाळींना हसू फुटलं. ते पसरत पुढं आलं. भर मयतीत हशा पिकला. मास्तरांनी तो ऐकला.

पुढच्याच बैठकीत बाबांचं नाव कापलं गेलं. आमच्यात असं कापलेलं नाव परत लागू शकतं. माणसानं रविवारच्या उपासनेत मंडळीसमोर उभं राहायचं, आपला अपराध तोंडानं कबूल करायचा आणि क्षमा मागायची. झालं. बाबांची दारू पुढं खरोखर सुटली. त्याचं श्रेय त्यांच्या काविळीला की प्रार्थनेला, यावर आई आणि मी भांडत असू. पण ते मंडळीसमोर काही उभे राहिले नाहीत. दर रविवारी पांढरा सदरा घालून चर्चसमोर रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसत आणि बाहेरूनच उपासना ऐकत. मी सुट्टीला आले की डोकं आपटत असे, “बाबा, दोन वाक्यं बोलायची आहेत. आत जा आणि बोला!” ते म्हणत, “मास्तर पहिल्या बाकावर बसत्यात, बाय. त्यांच्या तोंडाकडं बघून काय बोलू?” आता कठड्यावरचा माणूस गेला होता आणि ती दोन वाक्यं राहिली होती. मला बाबांचाही संताप येत होता. मेलेल्या माणसावर चिडायची सोय नसते, म्हणून मी गोर्ड्यांचं फाटक आपटून निघाले.

चर्चचे पाळकसाहेब मकासरे नवे होते, तरुण होते, आणि स्वभावानं इतके गोड की त्यांच्याकडून काम होणं कठीण. “सलाम, ताई,” म्हणून त्यांनी आत बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. माझं ऐकता ऐकता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, जमलं.

“ताई, माझे हात बांधलेले आहेत,” ते म्हणाले.

“कुणी बांधलेत?”

“कमिटी आहे. मी येऊन वर्ष नाही झालं. आज मी नियम मोडला तर मंडळीत दोन तट पडतील. पण मी येईन. तुम्ही म्हणाल तिथं येईन, प्रार्थना करीन.”

“ओढ्यापलीकडं?”

“देव तिथंही आहे, ताई.”

“देव असेल हो. मंडळी कुठं असेल? गेल्या रविवारी तुम्ही काय सांगत होता? मी खिडकीशी बसले होते. कृपा म्हणजे लायकी नसताना मिळालेलं दान, कुणाला कमावता येत नाही, कुणाला नाकारता येत नाही. माझे बाबा बाहेर कठड्यावर बसून मान डोलावत होते. पाळकसाहेब, तुमची ती कृपा व्यासपीठाच्या पायऱ्या उतरून खाली येते की नाही?”

ते बिचारे लाल झाले. टेबलावरचं पवित्र शास्त्र त्यांनी उगाच इकडचं तिकडं केलं. मग हळूच म्हणाले, “ज्यांनी ठराव मांडला त्यांनी मागं घेतला, तर कुणी बोलणार नाही. पण मी मास्तरांना विचारू शकत नाही. त्यांच्यासमोर मला अजून शाळेत असल्यासारखं वाटतं. तुम्ही जाऊन बघा.”

म्हणजे तो म्हणतो याच्याकडं जा, हा म्हणतो त्याच्याकडं जा. येशूला धरल्यावर हन्ना याजकाकडून कयफाकडं आणि कयफाकडून रोमी सुभेदार पिलाताकडं नेलं तसं माझं चाललं होतं. निदान त्याला चालवत नेणारे शिपाई तरी होते. मी एकटीच तंगडतोड करत होते.

घरी आले तर दारात सुतार पेटीला खिळे ठोकत होता. आत आईनं बाबांच्या अंगावर ओली चादर घातली होती आणि ती सुकली की पुन्हा भिजवत होती. भोवती कडुलिंबाचा पाला. चार शेजारणी होत्या. मला पाहून त्यांनी पदर तोंडाला लावला. नाकालाच लावला, खरं तर.

“काय म्हनला गोर्डे?” आईनं विचारलं.

“मास्तरांकडं जायला सांगतात.”

“जाऊ नगं.” आईनं चादर पिळता पिळता मान वरसुद्धा केली नाही. “कोणत्या तोंडानं जाशील? त्या माउलीची माती नासवली तुझ्या बापानं. मी मास्तरांच्या गल्लीनं जात न्हाय तवापासून. ओढा तर ओढा. जिता असताना दमवलं, आता मेल्यावर बी माझ्या पोरीला दारोदार फिरवतोय मेला!” आणि त्या मेल्याच्या कपाळावरची माशी तिनं हलक्या हातानं उडवली.

मी गेले. ओढा मला चालणार नव्हता.

मास्तर जेवायला बसत होते. पाटावर ताट, ताटात बाजरीची भाकरी, मेथीची भाजी आणि कांदा. पायांशी मांजर. मी उंबऱ्यातूनच म्हणाले, “मास्तर, सलाम. बर्णबा भिंगारदिवे—”

“कळलं मला. बैस. आधी प्रार्थना होऊ दे.”

त्यांनी डोळे मिटले आणि अन्नाबद्दल उपकार मानायला सुरुवात केली. मास्तरांची प्रार्थना गावात प्रसिद्ध होती. पेरणाऱ्यासाठी, दळणाऱ्यासाठी, थापणाऱ्यासाठी, रुग्णांसाठी, प्रवाशांसाठी, सरकारसाठी. मी डोळे उघडे ठेवून दात खात बसले. तिकडं माझा बाप उकाड्यात नासत होता आणि इकडं सरकारला सुबुद्धी मागणं चाललं होतं. मांजरानं तेवढ्यात ताटातली भाकरी हुंगली. अखेर ‘आमेन’ झालं.

मग मी वकिलासारखी बोलले. रस्ताभर घोकत आले होते. बाबांनी दारू सोडली होती. एक रविवार चुकवला नव्हता. बाहेर बसले, पण बसले. कबुली द्यायची इच्छा होती, लाज आडवी आली. जिवंत असते तर आज ना उद्या उभे राहिलेच असते. “मी भीक मागत नाही, मास्तर. त्यांचा हक्क मागतेय. या मंडळीतच त्यांचा जन्म गेलाय. ठराव मागं घ्या.”

मास्तरांनी भाकरीचा तुकडा मोडला होता, तो तसाच हातात.

“ठराव मागं घेणार नाही,” ते म्हणाले.

“का?”

“तो बरोबर होता. बर्णबानं जे केलं ते वाईट होतं. तो गेला म्हणून आता ते चांगलं होतं का? आज मागं घेतला तर मी खोटं बोलल्यासारखं होईल.”

“म्हणजे माझ्या बाबांना कुत्री उकरू देत!”

“असं मी कुठं म्हणालो?”

“मग काय म्हणालात? सकाळपासून तेच चाललंय! कुणीच नाही म्हणत नाही आणि कुणीच हो म्हणत नाही! सगळे भले, सगळ्यांना वाईट वाटतंय, सगळे प्रार्थना करणार! मास्तर, पोटभर जेवा. मंडळीला तुमचा ठराव लखलाभ होवो.”

मी उठले, चप्पल पायात अडकवताना पट्टा तुटला, तो तसाच ओढत गल्लीत आले. रडायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण त्या चपलेनं घात केला. मागून मास्तरांचा आवाज आला, “थांब.”

ते जेवण टाकून उठले होते. डोक्याला टोपी, हातात छत्री. “चल,” म्हणाले आणि पुढं झाले. कुठं ते सांगितलं नाही. मला वाटलं, गोर्ड्यांकडं चाललेत. गोर्ड्यांची गल्ली मागं पडली. मग वाटलं, घरी येऊन आईचं सांत्वन करणार. तेवढं बघायचं बाकी राहिलं होतं. घराचं वळणही गेलं. ते थेट कबरस्तानाच्या फाटकात शिरले. कडेच्या बाभळीखाली कबरी खणणारा सखाराम झोपला होता, त्याला छत्रीच्या टोकानं उठवलं.

“कुदळ घे. मुरूम कडक आहे, वेळ लागेल.”

सखाराम डोळे चोळत त्यांच्या मागं गेला. मीही गेले. राहेलबाईंच्या कबरीपाशी मास्तर थांबले. ती कबर चुन्यानं पांढरी केलेली, आणि तिच्या उजव्या अंगाला विटांच्या एका ओळीनं आखलेली तेवढीच मोठी जागा रिकामी होती. ती कशासाठी आहे ते आख्ख्या गावाला माहीत होतं. राहेलबाई गेल्या तेव्हा मंडळीनं मास्तरांच्या सेवेचा मान म्हणून ती त्यांना दिली होती. नवरा-बायकोला शेजारी शेजारी ठेवायचं.

“इथं,” मास्तर म्हणाले.

सखारामनं कुदळ खांद्यावरून उतरवलीच नाही. “मास्तर, ही तर तुमची.”

“माझी आहे म्हणूनच सांगतोय. खण.”

बातमी उन्हातही धावते. खड्डा गुडघाभर होतो न होतो तोच गोर्डे धापा टाकत आले, अंगात सदरा उलटा. “मास्तर, हे काय? नियम आहे!”

“कुठला?”

“नवी कबर फक्त चालू सभासदाला!”

“ही नवी नाही. मला केव्हाच दिलेली आहे. माझ्या जागेत मी कुणाला घ्यावं, याचा नियम तुम्ही केला असलात तर सांग. मी त्या बैठकीला होतो, मला आठवत नाही.”

गोर्ड्यांना आता खरा प्रश्न सुचला. “आणि तुमचं काय, मास्तर? उद्या तुमची वेळ आली तर?”

“तुझ्या दारात येऊन विचारणार नाही, एवढं नक्की.”

गोर्डे कपाळ पुसत परत गेले. मी घरी निरोप धाडला, पाळकसाहेबांनाही धाडला. सखाराम खणत होता. मी आणि मास्तर बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत उभे होतो. मला आनंद व्हायला हवा होता. मागितलं ते मिळालं होतं. पण मागितलं तसं मिळालं नव्हतं, आणि ते मला सलत होतं. दिवसभर मी हक्क, हक्क करून घसा कोरडा केला, आणि या माणसानं हक्काचं अक्षर मान्य न करता स्वतःची जागा काढून माझ्या पदरात टाकली होती. आता हे ओझं मी कुठं ठेवू? गोर्ड्यांशी भांडता येत होतं. यांच्याशी कसं भांडू?

“मास्तर,” मी शेवटी म्हणाले, “म्हणजे तुम्ही बाबांना क्षमा केलीत.”

“नाही.”

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

“दर रविवारी प्रयत्न करतो,” ते खड्ड्याकडं बघत म्हणाले. “प्रभूच्या मेजाकडं भाकर आणि द्राक्षारस घ्यायला जाण्याआधी म्हणतो, आज बर्णबाला मोकळं करू. मग बाहेर पडतो, तो कठड्यावर बसलेला दिसतो आणि ते हसणं ऐकू येतं. राहेल चाळीस वर्षं माझ्यासोबत होती, आणि तिच्या मातीला लोक हसले. मला अजून त्याचा राग आहे. आत्तासुद्धा आहे. तू दारात नाव घेतलंस आणि मग मोडलेला घास तोंडात घालवेना.”

“मग ही जागा का देताय?”

“माझ्या मनात क्षमा यायला वेळ लागतोय, पोरी. किती लागेल, ठाऊक नाही. बर्णबाला संध्याकाळपर्यंतच वेळ आहे.”

“पण त्यांची लायकी नाही, असं तुम्हीच तर—”

“नाहीच.” त्यांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. “शाळेत असताना मी मुलांना बडवायचो. एकाचा कान कायमचा गेला माझ्या हातानं. त्याच्या बापानं मला मंडळीसमोर उभं केलं नाही. दुसऱ्या दिवशी पोराला पुन्हा माझ्याच वर्गात आणून बसवलं आणि म्हणाला, शिकवा. मला तेव्हा त्याचा फार राग आला होता. त्यानं मारलं असतं तर बरं वाटलं असतं.” मग ते माझ्याकडं वळले. “तुला आत्ता माझा राग आलाय ना? येऊ दे. उपकार मात्र मानू नकोस. माझ्याच्यानं ऐकवणार नाही.”

मी मानले नाहीत.

उन्हं कलल्यावर बाबांना आणलं. अपेक्षेपेक्षा माणसं जास्त आली. काही दुःखानं, बरीच कुतूहलानं. आई मास्तरांपुढं आली तेव्हा तिनं पदर पुढं ओढला आणि वाकायला गेली. मास्तर मागं सरकले. “नको, सुशीलाबाई,” एवढंच म्हणाले. पाळकसाहेबांनी वचन वाचलं. कृपेवर त्यांनी त्या दिवशी एक शब्द काढला नाही, याबद्दल मी त्यांचं सगळं माफ केलं. पेटी सरळ खाली गेली. गाणं सुरू झालं. मास्तरांचे ओठ मिटलेले होते.

मग मूठमाती. आधी आईनं टाकली, मग मी. मास्तर पुढं आले, वाकले, त्यांनी मूठ भरली. ती मूठ त्यांनी बराच वेळ उघडलीच नाही. गाणं संपलं, सगळे बघत राहिले. आणि मग त्यांनी ती माती फेकली, जोरात, दगड मारावा तशी. पेटीच्या झाकणावर ढेकूळ फुटलं. पाळकसाहेब दचकले. आईनं माझा दंड घट्ट धरला. मास्तर पुन्हा वाकले, दुसरी मूठ घेतली. तीही फेकली. तिसरी. श्वास लागला तशी मूठ हळू पडायला लागली. पण ते थांबेनात. शेवटी सखारामनं फावडं घेतलं, तेव्हा मास्तरांनी त्याच्या हातून ते काढून घेतलं आणि माती ओढू लागले. त्यांच्या वयाकडं बघून दोघे-तिघे पुढं झाले, तर त्यांनी मान हलवून त्यांना परत पाठवलं. खड्डा अर्धा भरेपर्यंत त्यांनी फावडं सोडलं नाही. टोपी कधी पडली ते त्यांना कळलं नाही. मी ती उचलून हातात धरून उभी राहिले.

माणसं गेली. आईला शेजारणींनी धरून फाटकाकडं नेलं. मास्तर विटांच्या ओळीवर बसले होते, धोतराला माती, पाठ बाबांच्या ढिगाऱ्याकडं आणि तोंड राहेलबाईंकडं. मी टोपी त्यांच्यापुढं धरली.

“चला, मास्तर. घरी सोडते तुम्हाला.”

“तू हो पुढं. मी रोज या वेळी येतो इथं. तिच्याशी दोन शब्द बोलतो.” त्यांनी टोपी घेतली, झटकली, मांडीवर ठेवली. मग अंगठ्यानं खांद्यामागं खूण केली. वैतागलेला आवाज त्यांनी लपवला नाही. “आता रोज हा बसणार ऐकत.”

मी तिथून निघाले. फाटकाशी आई माझी वाट बघत थांबली होती. माझे डोळे बघून ती म्हणाली, “रड, बाय. बाप होता.” मी तिला सांगितलं की मी बाबांसाठी रडत नाही, मला मास्तरांचा राग आलाय. आईनं मागं वळून त्या पाठमोऱ्या माणसाकडं पाहिलं आणि म्हणाली, “मला बी.” आम्ही दोघी तिथंच, फाटकाला धरून, घळाघळा रडलो.